ईमॅक्समध्ये मध्येच उघडणाऱ्या विंडो ताब्यात आणायच्या तर

ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर शिकायला घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात हमखास एका गोष्टीला वैतागतो. एखाद्या फंक्शनची माहिती विचारावी, तर स्क्रीनचे दोन भाग होतात. प्रोग्रॅम कंपाइल करावा, तर शेजारी नीट लावून ठेवलेली फाइल गायब होऊन तिथे एररची यादी येते. नंतर कोणती की दाबली म्हणजे आधीची मांडणी परत येईल, ते कळत नाही. बरेच जण इथेच कंटाळून दुसऱ्या एडिटरकडे वळतात. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण ही अडचण तासाभरात सुटण्यासारखी आहे.

विंडो उघडणं हा मुळात त्रास नाहीच. ती कुठे उघडेल याचा अंदाज येत नाही, हा त्रास आहे. कोणती विंडो कुठे आणि केवढी उघडायची हे एकदा ईमॅक्सला सांगून ठेवलं की तिची सवय होते, आणि मग ती हवीशीही वाटते. म्हणून आधी उघडलेली विंडो बंद करायला शिकू, मग ती तिथेच का उघडली ते पाहू आणि शेवटी नियम लिहू. हा क्रम सोडू नका. थेट नियमांवर उडी मारणाऱ्यांचे नियम चालले नाहीत, तर ते का चालले नाहीत हे त्यांना शोधता येत नाही.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक खुलासा. कमांड आणि सेटिंगची नावं मी उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत, मधल्या जोडरेषांसकट टाइप करायची. पहिली चार-पाच अक्षरं लिहून टॅब दाबली की उरलेलं नाव ईमॅक्स स्वतः पूर्ण करतो किंवा जुळणारी नावं दाखवतो. "ऑल्ट-एक्स" म्हणजे ऑल्ट धरून एक्स दाबायचं. खाली प्रश्न आला की कमांडचं नाव लिहून एंटर.

फ्रेम, विंडो, बफर

ईमॅक्सची सुरुवात १९७६ साली एमआयटीत झाली आणि आज आपण वापरतो तो जीएनयू ईमॅक्स १९८५ साली लोकांच्या हाती आला. माउसने ओढायच्या विंडो तेव्हा घरोघरी नव्हत्या, त्यामुळे इथली नावं जरा वेगळी आहेत. डेस्कटॉपवर ज्याला आपण विंडो म्हणतो, त्याला ईमॅक्स फ्रेम म्हणतो. त्या फ्रेमच्या आत जे कप्पे पडतात, त्या ईमॅक्सच्या विंडो. आणि विंडोत जो मजकूर दिसतो, तो बफर.

विंडो बंद केली म्हणून बफर बंद होत नाही, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा. कंपाइलचा निकाल दाखवणारी विंडो चुकून बंद झाली, तरी निकाल जागेवर असतो. कंट्रोल-एक्स, मग बी, मग बफरचं नाव, की तो परत समोर. यातलं काही हरवत नाही हे एकदा कळलं की विंडो बेधडक बंद करता येतात.

मध्येच उघडणाऱ्या बफरांची नावं बहुतेक वेळा तारांकित असतात, म्हणजे नावाच्या दोन्ही टोकांना फुली (*) असते: हेल्प, कंपायलेशन, ग्रेप (फाइलींमध्ये शोधलेल्या मजकुराची यादी), वॉर्निंग्ज, मेसेजेस, कंप्लीशन्स, बॅकट्रेस. हे नाव विंडोच्या तळाशी असलेल्या मोड-लाइनवर दिसतं. पुढे नियम लिहिताना नेमकं तेच लागणार आहे, म्हणून तिथे नजर टाकायची सवय आत्तापासून लावा.

पहिली पायरी: बंद कसं करायचं

कंट्रोल-एच, मग एफ दाबा, एखाद्या फंक्शनचं नाव द्या आणि एंटर मारा. हेल्पची विंडो उघडेल. कर्सर मात्र तुमच्या मूळ फाइलमध्येच राहील. खालच्या ओळीत ईमॅक्स सुचवतो की कंट्रोल-एक्स, मग १ दाबा म्हणजे हेल्प जाईल. नवशिके ही की इथेच शिकतात आणि पुढे सगळीकडे तीच वापरतात. ती काम करते, पण तिचा अर्थ "मी आहे ती विंडो सोडून बाकी सगळ्या बंद" असा आहे. तुम्ही तीन फाइली शेजारी-शेजारी लावून बसला असाल, तर त्या मांडणीवरही पाणी पडतं.

त्यापेक्षा हे करा. कंट्रोल-एक्स, मग ओ दाबून हेल्पच्या विंडोत जा आणि नुसतं क्यू दाबा. ही कमांड फार विचारपूर्वक बनवलेली आहे. ती विंडो खास हेल्पसाठी उघडली असेल, तर ती बंद होते. तिथे आधी तुमची एखादी फाइल होती आणि हेल्पने ती जागा घेतली असेल, तर विंडो तशीच राहते आणि तुमची फाइल परत येते. ही विंडो कशी जन्माला आली, याची नोंद ईमॅक्स ठेवतो आणि क्यू ती नोंद वाचून वागते. कंट्रोल-एक्स, मग ० ही की अशी कुठलीही नोंद बघत नाही. आहे ती विंडो ती सरळ काढून टाकते. बफरही नको असेल तर आधी कंट्रोल-यू आणि मग क्यू दाबा. हेल्प, कंपायलेशन, ग्रेप, ऑकर (एका बफरमधल्या जुळणाऱ्या ओळींची यादी) अशा फक्त वाचायच्या बहुतेक बफरांत क्यू चालते. शेलसारख्या, ज्यात आपण टाइप करतो त्या बफरात मात्र क्यू दाबलं की क्यू हे अक्षरच उमटतं.

एस्केप तीनदा दाबण्याची सूचनाही तुम्हाला कुणीतरी देईल. तीही इतर विंडो बंद करते, त्यामुळे मांडणीच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका.

हेल्प वाचायला दर वेळी तिकडे जायलाच हवं असंही नाही. कंट्रोल आणि ऑल्ट धरून व्ही दाबा. तुम्ही आहात तिथेच राहता आणि दुसऱ्या विंडोतला मजकूर वर सरकतो. सोबत शिफ्टही धरलं की उलट दिशेने. कोड लिहिता लिहिता माहिती वाचायची असेल तेव्हा याच्यासारखी सोय नाही. याउलट हेल्प उघडल्यावर कर्सर आपोआप तिकडेच जावा, म्हणजे लगेच क्यू दाबता येईल, असं वाटत असेल तर ऑल्ट-एक्स, कस्टमाइझ-ऑप्शन, हेल्प-विंडो-सिलेक्ट असं जाऊन ते चालू करा. मी नवीन माणसाला हेच सांगेन: वाचा, क्यू दाबा, परत कामाला.

दुसरी पायरी: मोडलेली मांडणी परत आणा

आता विनर-मोड. हा ईमॅक्ससोबतच येतो, वेगळा उतरवून घ्यावा लागत नाही. ऑल्ट-एक्स, विनर-मोड, एंटर, की तो चालू. यानंतर विंडोंच्या मांडणीत झालेला प्रत्येक बदल लक्षात ठेवला जातो. कंट्रोल-सी आणि मग डावा बाण दाबलात की मांडणी एक पाऊल मागे जाते. पुन्हा दाबलं की आणखी एक पाऊल. कंट्रोल-सी आणि उजवा बाण दाबला की जिथून निघालो तिथे थेट परत.

आत्ताच करून बघा. कंट्रोल-एक्स, मग ३ दाबून विंडो उभी विभागा. दोन्हीकडे वेगळ्या फाइली उघडा. मग कंट्रोल-एक्स, मग १ दाबून मुद्दाम सगळं मोडा. आता कंट्रोल-सी, डावा बाण. दोन्ही फाइली आपापल्या जागी दिसतील. एवढं जमलं की कोणतीही विंडो मध्येच उघडली तरी घाबरायचं कारण उरत नाही.

हा मोड कायमचा चालू राहावा म्हणून कस्टमाइझ-ऑप्शनमध्ये विनर-मोड हे नाव द्या, चालू करा आणि "अप्लाय अँड सेव्ह" हे बटण दाबा. या लेखातलं फक्त एकच काही करणार असाल, तर हे करा.

ती नेमकी तिथेच का उघडते?

ऑफिसच्या मोठ्या मॉनिटरवर हेल्प उजवीकडे उघडते आणि घरच्या लॅपटॉपवर खाली. पुष्कळांना वाटतं की काहीतरी बिघडलंय. यामागे दोन आकडे आहेत.

नवीन बफर दाखवायची वेळ आली की ईमॅक्स आधी बघतो की तो बफर कुठे दिसतोच आहे का. दिसत असेल तर तीच विंडो पुन्हा वापरतो. नसेल तर विंडो विभागता येईल का ते तपासतो. स्प्लिट-हाइट-थ्रेशोल्ड या सेटिंगची मूळ किंमत ८० आहे आणि स्प्लिट-विड्थ-थ्रेशोल्डची १६०. विंडो निदान ८० ओळी उंच असेल तर ती आडवी विभागून नवी खाली उघडते. तेवढी उंची नसेल, पण रुंदी निदान १६० अक्षरांची असेल, तर नवी उजवीकडे उघडते. मोठ्या मॉनिटरवर ८० ओळी क्वचितच मावतात, पण १६० अक्षरं सहज मावतात. म्हणून तिथे उजवीकडे. लॅपटॉपवर दोन्ही अटी पुऱ्या होत नाहीत. तरीही फ्रेममध्ये एकच विंडो असेल तर ईमॅक्स अपवाद करतो आणि खाली विभागतो. फॉन्ट मोठा केला की ओळीत मावणारी अक्षरं कमी होतात, आणि कालपर्यंत उजवीकडे उघडणारी विंडो आज खाली जाते, तेही याच हिशेबाने.

खरा मनस्ताप यापुढे आहे. समजा लॅपटॉपवर तुम्ही आधीच दोन फाइली शेजारी-शेजारी उघडल्या आहेत. आता हेल्प मागितली तर दोन्हीपैकी एकही विंडो विभागण्याएवढी मोठी नाही, आणि एकच विंडो असल्याचा अपवादही लागू होत नाही. मग ईमॅक्स तुम्ही नाही त्या विंडोत हेल्प दाखवून मोकळा होतो. तिथली फाइल नजरेआड जाते. "माझी फाइल कुठे गेली?" हा प्रश्न बहुतेक वेळा इथूनच येतो. फाइल कुठेही गेलेली नसते. हेल्पमध्ये जाऊन क्यू दाबलं की परत दिसते. हेल्पला स्वतःची ठरलेली जागा मिळाली की हे प्रकरणच संपतं.

नियम लिहायचे नसतील आणि विभागणी नेहमी खालीच व्हावी एवढीच अपेक्षा असेल, तर स्प्लिट-विड्थ-थ्रेशोल्डची किंमत निल करा, म्हणजे उजवीकडे विभागणं बंद. ज्यांचं काम एका वेळी एकाच फाइलवर चालतं, त्यांना तेवढं पुरतं.

तिसरी पायरी: पहिला नियम

नियमांची यादी ज्या सेटिंगमध्ये राहते तिचं नाव डिस्प्ले-बफर-अलिस्ट. ईमॅक्सच्या २४व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून ती आहे, त्यामुळे जुन्या संगणकावरही अडचण येणार नाही. प्रत्येक नियमात तीन गोष्टी असतात. कोणता बफर, तो दाखवायची रीत, आणि जागा-आकाराचे तपशील.

पहिला नियम कंपायलेशनसाठी करू, कारण त्याचा फायदा लगेच दिसतो. आपल्याला हवंय असं: कंपाइलचा निकाल नेहमी फ्रेमच्या तळाशी, पूर्ण रुंदीच्या पट्टीत आणि पाव उंचीत दिसावा.

ऑल्ट-एक्स, कस्टमाइझ-ऑप्शन, मग डिस्प्ले-बफर-अलिस्ट. एक फॉर्म उघडेल. त्यात आयएनएस असं लिहिलेलं बटण दाबलं की नव्या नियमाची रिकामी जागा तयार होते.

पहिला रकाना अटीचा. इथे बफरच्या नावाशी जुळणारा रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर जुळवायचा नमुना द्यायचा. नावातल्या फुलीला रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये वेगळा अर्थ आहे: "आधीचं अक्षर शून्य किंवा कितीही वेळा". म्हणून नावातली फुली ही नुसती फुली आहे हे सांगायला तिच्या आधी उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश द्यायचा. बॅकस्लॅश, फुली, कंपायलेशन, बॅकस्लॅश, फुली. बॅकस्लॅश गाळला तरी नियम कधी कधी चालल्यासारखा वाटतो, आणि तेच जास्त त्रासाचं आहे. हेल्पच्या नियमात तो गाळलात तर शेवटची फुली पी या अक्षराला चिकटते, पी नसलेली नावंही जुळायला लागतात आणि भलतेच बफर हेल्पच्या जागी उघडतात. कारण शोधताना डोकं दुखतं.

दुसरा रकाना रीतीचा. यात फंक्शनची यादी देता येते. ईमॅक्स ती क्रमाने वापरून बघतो आणि पहिलं यशस्वी झालं की थांबतो. आधी डिस्प्ले-बफर-रीयूज-विंडो द्या, म्हणजे निकाल आधीच दिसत असेल तर दुसरी विंडो उघडणार नाही. त्यानंतर डिस्प्ले-बफर-इन-साइड-विंडो. फॉर्मच्या तयार यादीत एखादं नाव सापडलं नाही तर "अदर फंक्शन" निवडून ते हाताने लिहा.

तिसरा रकाना तपशिलांचा, नाव आणि किंमत अशा जोड्यांचा. साइड या नावापुढे बॉटम, स्लॉटपुढे ०, आणि विंडो-हाइटपुढे ०.२५. दशांश दिला की तो फ्रेमच्या उंचीचा हिस्सा धरला जातो. पूर्ण आकडा दिला, समजा १२, तर तेवढ्या ओळी. आकडे अर्थातच इंग्रजी लिपीत लिहायचे. मग "अप्लाय अँड सेव्ह".

आता तपासा. ऑल्ट-एक्स, कंपाइल, आणि विचारलेल्या कमांडच्या जागी नुसतं एलएस लिहून एंटर मारा. विंडोजवर असाल तर डीआयआर लिहा. तळाशी पट्टी उघडली म्हणजे जमलं. नाही उघडली तर एररची वाट बघू नका, ती येणार नाही. नियम जुळला नाही की ईमॅक्स निमूटपणे मूळ पद्धतीवर जातो. अशा वेळी दहापैकी नऊ वेळा चूक अटीच्या रकान्यात असते. मोड-लाइनवरचं नाव आणि तुम्ही लिहिलेलं नाव अक्षर-अक्षर ताडून बघा.

ज्यांना फॉर्मपेक्षा इनिट फाइलमध्ये, म्हणजे ईमॅक्स सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहायला आवडतं त्यांच्यासाठी: नियम म्हणजे एक कंस. त्यात आधी अवतरणचिन्हांत अट, मग आतल्या कंसात फंक्शनची नावं, आणि पुढे प्रत्येक तपशील आपापल्या कंसात, नाव आणि किंमत यांच्या मध्ये टिंब, टिंबाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा. इथे एक फरक सांभाळा. फॉर्ममध्ये बॅकस्लॅश एकदाच द्यायचा, फाइलमध्ये मात्र दोनदा, कारण अवतरणचिन्हांच्या आत लिस्प, म्हणजे ही फाइल ज्या भाषेत लिहितात ती, स्वतःच एक बॅकस्लॅश खाऊन टाकतो. आणि फॉर्म किंवा फाइल, एकच रस्ता धरा. दोन्हीकडे लिहिलंत तर कुठला नियम कुणाला पुसतोय हे कळणं अवघड होतं.

कोणाला कुठे बसवायचं

दुसरा, तिसरा, चौथा नियम लिहिण्याआधी थांबून विचार करा. इथे ज्याची त्याची आवड असतेच, पण एक विभागणी मला फार उपयोगी वाटते.

काही बफर नुसते नजर टाकायचे असतात: कंपाइलचा निकाल, ग्रेपची यादी, वॉर्निंग्ज. ते तळाशी, बुटक्या पट्टीत. या सगळ्यांना साइड बॉटम आणि स्लॉट ० असंच द्या. एकाच स्लॉटमधले बफर एकमेकांची जागा घेतात, म्हणजे कितीही आले तरी तळाची पट्टी एकच राहते आणि तुमच्या फाइलला हक्काची उंची मिळते. वेगळे स्लॉट दिले तर पट्टी शेजारी-शेजारी विभागली जाते; उणे एक डावीकडे, अधिक एक उजवीकडे. कंपाइलचा निकाल आणि शेल दोन्ही कायम समोर हवे असतील तरच हे करा.

काही बफर सावकाश वाचायचे असतात. हेल्प आणि मॅन्युअलची इन्फो पानं या गटातली. मोठ्या मॉनिटरवर ती उजवीकडे चांगली: साइड राइट, विंडो-विड्थ ०.४. लहान लॅपटॉपवर मात्र मी तसं करणार नाही. हेल्पचा मजकूर साधारण ७०-८० अक्षरांच्या ओळी धरून लिहिलेला असतो. फ्रेम दीडशे अक्षरांची असेल तर ०.४ म्हणजे ६० अक्षरं, आणि मग प्रत्येक ओळ दुमडते. त्यापेक्षा तळाशी ०.३५ उंची द्या.

तिसरे, तुमच्याकडून काहीतरी उत्तर मागणारे. लिस्प कोडमध्ये चूक झाली की येणारा बॅकट्रेस हा त्यातला महत्त्वाचा. त्याला लपवू नका, फार बुटकाही करू नका. तो वाचता येणं हीच ईमॅक्स शिकण्यातली मोठी पायरी आहे.

साइड विंडोचे दोन स्वभाव आधीच सांगतो, म्हणजे दचकायला होणार नाही. तिच्यात असताना कंट्रोल-एक्स, मग १ दाबलं तर ईमॅक्स नकार देतो, कारण बाजूची विंडो एकटी राहू शकत नाही. तिला कंट्रोल-एक्स, मग २ ने विभागताही येत नाही. मुख्य विंडोतून १ दाबलं तर ती इतरांबरोबर बंद होते. तशी होऊ नये असं वाटत असेल, तर तपशिलात विंडो-पॅरामीटर्सच्या खाली नो-डिलीट-अदर-विंडोज या नावापुढे टी (म्हणजे "चालू") द्या. नो-अदर-विंडो हाही असाच पॅरामीटर आहे. तो दिला की कंट्रोल-एक्स, ओ करत फिरताना ती विंडो वगळली जाते. पण तोवर क्यू दाबायची सवय पक्की झालेली नसेल तर हा दुसरा देऊ नका, आत शिरणंच अवघड होऊन बसेल.

आणि या सगळ्या मेहनतीचं चीज करणारी एक कमांड: विंडो-टॉगल-साइड-विंडोज. एकदा दिली की फ्रेमच्या कडेच्या सगळ्या विंडो नाहीशा, पुन्हा दिली की जशाच्या तशा परत. तिला एफ-९ सारखी एखादी मोकळी की लावून द्या.

ज्या उघडायलाच नकोत

ईमॅक्सच्या २८व्या आवृत्तीपासून पॅकेजं (ईमॅक्सला जोडायचे जादा प्रोग्रॅम) पार्श्वभूमीत मशीनच्या भाषेत कंपाइल होतात. तुमच्या ईमॅक्समध्ये ही सोय असेल तर नवीन पॅकेज टाकल्यावर वॉर्निंग्जची विंडो पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. त्यातल्या बहुतेक सूचना पॅकेज लिहिणाऱ्यांसाठी असतात, तुमच्यासाठी नाही. नेटिव्ह-कॉम्प-एसिंक-रिपोर्ट-वॉर्निंग्ज-एरर्स हे लांबलचक सेटिंग सायलेंट करा. सूचनांची नोंद होत राहील, विंडो उघडणार नाही. वॉर्निंग्ज सरसकट बंद करायचा मोह मात्र टाळा. तुमच्या इनिट फाइलमध्ये चूक असली तर ती कळण्याचा तोच मार्ग आहे.

ऑल्ट-शिफ्ट-७, म्हणजे ऑल्ट आणि अँपरसँडच्या कीने पार्श्वभूमीत शेल कमांड चालवत असाल तर तिची विंडो लगेच उघडते, काही छापलं जावो न जावो. एसिंक-शेल-कमांड-डिस्प्ले-बफर निल केलं की काहीतरी छापलं गेल्यावरच ती उघडते.

पॉपर कधी घ्यावं

या कामासाठी तयार पॅकेजंही आहेत. पॉपविन आणि शॅकल जुनी, आणि सध्या पुष्कळ लोक वापरतात ते पॉपर. मी ते पहिल्याच दिवशी घ्यायला सांगणार नाही. वरचे तीन-चार नियम लिहून आठवडाभर काम करा. त्यानंतर असं वाटलं की "विंडो योग्य जागी उघडते, पण ती उघड-झाक करायला एकच की हवी", तर पॉपर तुमच्यासाठी आहे.

ऑल्ट-एक्स, पॅकेज-इन्स्टॉल, पॉपर. मग पॉपर-रेफरन्स-बफर्स या यादीत कोणत्या बफरांना पॉप-अप म्हणायचं ते लिहा. इथे नावांचे रेग्युलर एक्स्प्रेशनही चालतात आणि हेल्प-मोड, कंपायलेशन-मोड अशी मोडची नावंही. पॉपर-मोड चालू करा. पॉपर स्वतःहून की लावत नाही. रिवाज असा की पॉपर-टॉगलला कंट्रोल आणि टॅबच्या वरची बॅकटिकची की, पॉपर-सायकलला ऑल्ट आणि बॅकटिक. ग्नोम डेस्कटॉपवर ऑल्ट-बॅकटिक आधीच एका ॲपच्या विंडोंमध्ये फिरण्यासाठी राखीव आहे आणि ती ईमॅक्सपर्यंत पोहोचतच नाही, तिथे दुसरी की निवडा.

तुमचे डिस्प्ले-बफर-अलिस्टचे नियम असताना पॉपर स्वतःची जागा लादू शकतं. त्यासाठी पॉपर-डिस्प्ले-कंट्रोल निल करा. मग जागा ठरवायचं काम तुमच्या नियमांकडे आणि दाखवायचं-लपवायचं काम पॉपरकडे, अशी चोख वाटणी होते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी

ईमॅक्समध्ये मराठी मजकूर लिहिताना एक वेगळीच अडचण येते आणि तिचा दोष विंडोंवर जातो. सिस्टीमचा कीबोर्ड इनस्क्रिप्टवर असेल, तर क्यूची की दाबल्यावर औकाराची खूण जाते आणि एक्सची की दाबल्यावर अनुस्वार. लिनक्सवर हेल्पची विंडो ढिम्म हलत नाही आणि कंट्रोल-एक्सचा एकही संच चालत नाही. विंडो अडकली असं वाटतं. प्रत्यक्षात ईमॅक्सला ती की मिळालेलीच नसते.

उपाय सोपा आहे. सिस्टीमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवा आणि ईमॅक्सची स्वतःची इनपुट पद्धत वापरा. कंट्रोल-बॅकस्लॅश दाबा, पहिल्यांदा पद्धतीचं नाव विचारलं की देवनागरी-इनस्क्रिप्ट किंवा रोमनमधून लिहायचं असेल तर देवनागरी-आयट्रान्स द्या. ही पद्धत त्या त्या बफरपुरती चालू होते. तुमच्या लेखात मराठी उमटतं, आणि कंट्रोल-एक्स असो की हेल्पमधलं क्यू, सगळं पूर्ववत चालतं.

नियम असूनही न ऐकणाऱ्या विंडो

काही पॅकेजं तुमच्या यादीला विचारतच नाहीत. नवीन नियम जुळत नसेल आणि नाव अचूक असेल, तर आधी टर्मिनलमधून ईमॅक्स, मोकळी जागा, उणे चिन्ह आणि मोठं क्यू असं लिहून कोऱ्या सेटिंगसह ईमॅक्स सुरू करा आणि तिथे फक्त तो एक नियम देऊन बघा. तिथे चालला तर तुमच्या इनिट फाइलमधलं दुसरं काहीतरी आड येतंय.

तिथेही चालला नाही, तर बहुधा ती कमांड बफर थेट चालू विंडोतच बदलते. स्विच-टू-बफर-ओबे-डिस्प्ले-ॲक्शन्स हे २७व्या आवृत्तीपासूनचं सेटिंग चालू केलं की अशा कमांडीही यादी पाळतात. पण त्यामुळे तुम्ही स्वतः कंट्रोल-एक्स, बी ने बदललेले बफरही नियमांप्रमाणे उघडायला लागतात, तेव्हा विचार करून चालू करा. ऑर्ग-मोड (नोंदी आणि कामांच्या याद्या ठेवायचा मोड) याचा अजेंडा आणि मॅजिट (गिट वापरायचं पॅकेज) यांचे मात्र स्वतःचे कायदे आहेत. अजेंडासाठी ऑर्ग-अजेंडा-विंडो-सेटअप, ऑर्गमधल्या कोडच्या तुकड्यांसाठी ऑर्ग-सोर्स-विंडो-सेटअप (टाइप करताना सोर्सचं फक्त एसआरसी), आणि मॅजिटसाठी मॅजिट-डिस्प्ले-बफर-फंक्शन. यातल्या प्रत्येकावर कंट्रोल-एच, मग व्ही करून कोणत्या किमती चालतात ते वाचा. ते वाचायला उघडणारी हेल्पची विंडो आता तुम्ही नेमून दिलेल्या जागीच उघडेल.